रोजच्या वापरातली वस्तू क्लेमध्ये बारकाव्यांसह बनवायची आहे, पण माझं सगळं खेळण्यासारखं दिसतं. काय चुकतंय?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. कलेच्या तासाला रोजच्या वापरातली एक वस्तू मॉडेलिंग क्लेमध्ये बारकाव्यांसकट करायची आहे, तीन आठवडे आहेत आणि वस्तू अजून ठरत नाही, ही एक. आणि आजवर जे जे केलं ते लहान मुलांच्या खेळण्यासारखं दिसलं, ही दुसरी. पहिलीचं उत्तर दोन ओळींचं आहे. बाकीचं सगळं दुसरीसाठी लिहितेय.

वस्तू म्हणून तैलरंगाची धातूची ट्यूब घ्या. नवी नको, अर्धी वापरलेली, पोचे पडलेली, शेपटाकडून एक-दोन घड्या घातलेली. ती नाही मिळाली तर चुरगळलेला पत्र्याचा डबा किंवा जुना चामडी बूटही चालेल. मात्र कात्री, चष्मा, छत्री, खुर्ची असल्या काटकुळ्या वस्तूंच्या वाटेला जाऊ नका. मी पहिल्या वर्षी हौसेने चष्मा घेतला होता. दोन तास खपून काड्या केल्या आणि चहा पिऊन येईपर्यंत दोन्ही टेबलावर लोळत होत्या. मग आत तार घातली, तर काडी माझ्या करंगळीएवढी जाड झाली. आमच्या सरांनी तो चष्मा हातात घेतला आणि "कोणत्या प्राण्याचा?" एवढंच विचारलं. ट्यूबचं तसं नाही. ती एकसंध आहे, आडवी ठेवता येते, मोडण्यासारखं काही बाहेर आलेलं नाही, आणि तरी तिच्यात आटे आहेत, खाचा आहेत, घड्या आहेत, पोचे आहेत, सुकलेला रंग आहे. कलेच्या वर्गात ती हाताशीही असते. जॉन गॉफ रँड नावाच्या अमेरिकन चित्रकाराने 1841 मध्ये अशा दाबून रिकाम्या करायच्या धातूच्या ट्यूबचं पेटंट घेतलं. त्याआधी तयार रंग डुकराच्या मूत्राशयाच्या पिशवीत भरून ठेवत. आपल्याला त्या पेटंटमधली एकच गोष्ट कामाची आहे: हा धातू मऊ असतो आणि दाबला की दाबलेलाच राहतो. प्लॅस्टिकची ट्यूब पुन्हा फुगते, आपला इतिहास पुसून टाकते. धातूची ट्यूब प्रत्येक बोटाची नोंद ठेवते.

आता खेळण्यासारखं का दिसतं ते. बहुतेकांना वाटतं की बारकावे कमी पडले. म्हणून ते सुई घेऊन आणखी रेघा मारतात, आणि खेळणं आणखी रेघांचं खेळणं होतं. माझा अनुभव वेगळा आहे. माती मातीसारखीच वागत राहते आणि आपण तिला तसं वागू देतो, म्हणून ते खेळणं दिसतं. मातीत बोट दाबलं की गोल, गुळगुळीत खळगा पडतो. पत्र्यात बोट दाबलं की असं कधीच होत नाही. पत्रा ताणला जात नाही, तो मोडतो. पोच्याच्या कडेने एक धारदार घडी उठते, तिच्यापासून दोन सरळ रेषा फुटतात, मधे चपटे त्रिकोण तयार होतात. एखादी ट्यूब दिव्याखाली धरून बघा. तिच्यात गोल खळगा जवळजवळ सापडणार नाही, सगळे पैलू सापडतील. मातीच्या ट्यूबवर तुम्ही बोटाने पोचे पाडलेत तर ती रबराची दिसेल. तेच पैलू पात्याने कापून, त्यांच्या सीमारेषा धारदार ठेवल्यात, तर वरून एकही अक्षर न लिहिता बघणारा म्हणेल की हा पत्रा आहे.

मॅरिलिन लेव्हिन या कॅनडात जन्मलेल्या शिल्पकर्तीचं काम शोधून बघा. जुन्या चामड्याच्या पिशव्या, बूट, जाकिटं तिने भट्टीत भाजलेल्या मातीत केली, आणि फोटोत तरी ती माती आहे यावर विश्वास बसत नाही. शिक्षणाने ती रसायनशास्त्रज्ञ. पातळ थर फाटू नयेत म्हणून ती मातीत नायलॉनचे तंतू मिसळायची. पण तंतूंनी चामडं तयार होत नाही. चामडं कुठे लोंबतं, कुठे घासून पातळ होतं, शिवणीजवळ कसं आक्रसतं, हे तिला पाठ होतं. चेन आणि बकल आपण नंतर पाहतो, आधी ते लोंबणं पटतं.

त्यामुळे पहिला तास मातीला हात लावू नका. गंमत नाही, खरंच लावू नका. ट्यूब समोर ठेवा, एकाच बाजूने दिवा सोडा आणि चार बाजूंनी चार रेखाटनं काढा, शिवाय एक शेपटाकडून आणि एक टोपणाकडून. रेखाटन सुंदर नको, कोणती कड तीक्ष्ण आणि कोणती विरघळणारी एवढंच त्यात कळायला हवं. तीक्ष्ण कडेला जाड रेघ, विरघळणाऱ्या कडेला नुसती छाया. मग डोळे मिटून ट्यूब हातात फिरवा. बोटांना अशा गोष्टी कळतात ज्या डोळ्यांना छपाईच्या रंगांमुळे दिसत नाहीत. आमचे सर या टप्प्यावर वस्तू उचलून कपाटात ठेवायचे आणि विचारायचे, टोपणावर खाचा किती? वर्गात कोणालाच सांगता यायचं नाही, आणि सगळे अर्धा तास तिच्याकडे बघत होते.

माप खऱ्याच्या बरोबर दुप्पट ठेवा. खऱ्या मापात केलं तर टोपणाच्या खाचा अवजाराच्या टोकापेक्षा बारीक होतात आणि तुम्ही अवजाराशीच भांडत बसता. दीडपट केलं तर प्रत्येक मापाला गुणाकार आला. दुप्पट असलं की कंपासाने माप उचलायचं आणि मातीवर दोनदा टाकायचं, आकड्यांचा संबंधच नाही.

आणि हे एक माप मात्र आकड्यात सांगते, कारण जवळजवळ प्रत्येक जण इथे चुकतो. ट्यूब खांद्यापाशी गोल असते आणि शेपटापाशी चपटी. पत्र्याचा घेर दोन्हीकडे तोच असतो, फक्त वर्तुळ दाबून रेघ केलेली असते. म्हणजे शेपटाची रुंदी खांद्याच्या व्यासाएवढी नसते, त्याच्या दीडपटीहून थोडी जास्त असते. व्यास 3 सेंमी असेल तर चपटं शेपूट साधारण 4.7 सेंमी. मुलं एक दंडगोल वळतात आणि त्याचं टोक पाचरीसारखं निमुळतं करतात, रुंदी तीच ठेवून. मग ती ट्यूब न वाटता लिपस्टिक किंवा खिळा वाटते, आणि का ते कळत नाही. समोरून पाहिलं तर ट्यूब शेपटाकडे पसरत जायला हवी आणि बाजूने पाहिलं तर निमुळती होत जायला हवी. हे दोन्ही एकदम जमलं की निम्मं काम झालं. पोच्यांनाही हाच हिशेब लागू: एका जागी पत्रा आत गेला तर शेजारी कुठेतरी तो बाहेर आलेलाच असतो. नुसता खड्डा काढून थांबू नका, त्याचा फुगवटा शोधा.

क्ले कोणती, हे तुम्ही लिहिलेलं नाही, आणि त्यावर बरंच अवलंबून आहे. तेलकट, कधीच न वाळणारी असेल तर ती प्लॅस्टिसिनच्या घराण्यातली. ही क्ले विल्यम हारबट या इंग्लंडच्या बाथ शहरातल्या कलाशिक्षकाने 1897 च्या सुमारास तयार केली, आणि तीही आपल्या शिल्पकलेच्या विद्यार्थ्यांसाठी, माती काम संपण्याआधी वाळू नये म्हणून. म्हणजे तुमच्यासारख्याच कुठल्यातरी वर्गातून ती जन्मली आहे. हिचा फायदा असा की तीन आठवडे कधीही चूक सुधारता येते. तोटा असा की ती हाताच्या उबेने मऊ पडते आणि मऊ मातीत धारदार कड टिकत नाही. यावर उपाय सोपा आहे: पैलू कापायच्या आधी काम दहा-पंधरा मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा. थंड क्ले साबणासारखी कापली जाते. ही क्ले ओव्हनमध्ये कधीही घालू नका, वितळेल. पाण्याचे रंगही तिच्यावर धरत नाहीत.

ओव्हनमध्ये भाजायची ती पॉलिमर क्ले. पीव्हीसी हे प्लॅस्टिक आणि त्याला मऊ ठेवणारं द्रव्य असं तिचं अंग असतं. पाकिटावर लिहिलेलं तापमान, बहुधा 110 ते 130 अंश सेल्सिअसच्या दरम्यानचं, काटेकोर पाळा. करपली तर निघणारा धूर त्रासदायक असतो. कच्ची असताना ती काही प्रकारच्या प्लॅस्टिकला खाते, तेव्हा कुठल्याही प्लॅस्टिकच्या डब्यात ठेवून विसरू नका. हवेत वाळणारी असेल तर ती आकसते, आणि आत टणक गाभा असेल तर वरून तडकते. तिचा थर सगळीकडे सारखा ठेवा, हलकं प्लॅस्टिक झाकून सावकाश वाळवा आणि पडलेल्या भेगा त्याच मातीच्या मऊ लगद्याने भरा. भट्टीत जाणारी माती असेल तर गोष्ट अगदीच वेगळी: आत तार नको, फॉइल नको, भिंती सेंटिमीटरभर जाड ठेवून वस्तू पोकळ करायची आणि हवा-वाफ बाहेर पडायला तळाशी भोक ठेवायचं. पोटात ओल कोंडलेली जाड वस्तू भट्टीत फुटते, आणि शेजारच्यांची कामंही घेऊन जाते. त्या मातीत बारकावे ओलेपणी काढायचे नाहीत. ती चामड्याइतकी घट्ट झाली की काढायचे.

भट्टी नसेल तर गाभ्यासाठी अॅल्युमिनियम फॉइल घ्या. सैल गोळा नको, टेबलावर ठोकून ठोकून घट्ट करा, आणि तोही ट्यूबच्याच आकाराचा, म्हणजे एकीकडे गोल, दुसरीकडे चपटा. घड्यांसकट वाकवा. शिल्पाचा कल गाभ्यातच हवा, नाहीतर वर लावलेली माती त्या कलाची नक्कल करत राहते. त्यावर माती छोट्या छोट्या गोळ्यांनी, अंगठ्याने दाबत चढवा. एकच मोठी चकती लाटून गुंडाळली तर आत हवा राहते.

पुढचे दोन-तीन तास कंटाळवाणे आहेत आणि तेच महत्त्वाचे आहेत. टोपण म्हणजे अजून नुसता ठोकळा, खांदा म्हणजे शंकूचा तुकडा, अंग म्हणजे पसरत गेलेली पाचर. खाच नाही, आटे नाहीत, काही नाही. सतत फिरवत राहा. एकाच बाजूने काम केलं की ती बाजू छान होते आणि मागची बाजू दुसऱ्याच वस्तूची होते. मधूनमधून खरी ट्यूब आणि मातीची ट्यूब शेजारी ठेवून दिव्याने भिंतीवर सावली पाडा. सावलीला बारकावे नसतात, त्यामुळे ती खोटं बोलत नाही. सावल्या जुळेपर्यंत सुई पेटीतच राहू द्या. मी चुका केल्या त्या बहुतेक याच ठिकाणी. टोपणावर मन लावून खाचा कोरायच्या, मग लक्षात यायचं की टोपणच तिरकं बसलंय, आणि मग त्या सुंदर खाचांच्या मोहाने ते तिरकंच ठेवायचं.

मग पैलू. बोटं बाजूला. जुनं प्लॅस्टिकचं कार्ड किंवा बोथट सुरी घ्या, थंड किंवा घट्ट मातीवर सरळ काप द्या. मोठे पोचे आधी, त्यांच्या आतले छोटे नंतर. दोन पैलू मिळतात तिथली कड कार्डाने दोन्ही बाजूंनी घासून वर आणा. सगळ्याच कडा सारख्या धारदार केल्या तर हिऱ्यासारखं दिसेल. काही घड्या सुरुवातीला तीक्ष्ण असतात आणि जाता जाता विरून जातात. हे विरणं जमायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला, आणि अजूनही एखादी घडी मधेच भिंतीसारखी संपते.

शेपटाची घडी करताना एक जुनी लबाडी वापरा. पत्रा कागदाइतका पातळ असतो, माती तेवढी पातळ केली तर तुटते. मग खरोखर पातळ करायचंच नाही. घडीची बाहेर दिसणारी कड तेवढी पातळ ठेवा आणि तिच्या खालून माती आत तिरकी कापत न्या. पाहणाऱ्याला कड आणि तिच्याखालची काळी सावली दिसते, मागचा जाड भाग दिसत नाही. कपाची कड, खिशाचं तोंड, पुस्तकाचं उघडलेलं पान, सगळीकडे हे चालतं. खेळण्यासारखं दिसण्याचं दुसरं कारण या जाड कडाच असतात, तुमच्या आधीच्या कामांवर एकदा नजर टाकून बघा.

टोपणाच्या खाचा डोळ्यांच्या अंदाजाने एकीपुढे एक काढत गेलात तर शेवटच्या दोघींमधे एक तर दीड खाचेची जागा उरते किंवा अर्ध्या खाचेची. आधी वर्तुळाचे दोन भाग, मग चार, आठ, सोळा अशा खुणा करा. खऱ्या टोपणावर सतरा असल्या तरी सोळा करा, कोणी मोजत नाही. (सर मोजायचे. पण ते आमचे सर.) खाचा सुरीच्या पाठीने दाबून पाडा, वरून वळ्या चिकटवू नका, त्या कधी ना कधी निघतात. गळ्यावरचे आटे दाखवणार असाल तर ते एकावर एक ठेवलेल्या कड्या नव्हेत, एकच रेघ चढत जाते. मागच्या बाजूला जाऊन तपासा, रेघ खालच्या फेऱ्यातून वरच्या फेऱ्यात पोचली पाहिजे.

सुईने रेघ ओढली की दोन्ही काठांना कचऱ्यासारखी माती उठते. ती लगेच बोटाने पुसू नका, रेघेत जाऊन बसते. माती घट्ट झाल्यावर मऊ ब्रशने झटका. आणि जिथे मऊ काठाची खाच हवी, तिथे मातीवर पातळ प्लॅस्टिकचा कागद पसरून त्यावरून अवजार दाबा. काठ आपोआप गोल येतात, कचरा उठतच नाही. ही युक्ती कळली तेव्हा मी आधीची सगळी वर्षं वाया गेल्यासारखी बसून राहिले होते.

टोपणाच्या कडेला सुकलेला रंग असेल तर तो सगळ्यात शेवटी. लहान लहान कण लावा आणि जुन्या टूथब्रशने टोचून खडबडीत करा. आजूबाजूचा पत्रा गुळगुळीत असेल तरच तो उठून दिसेल, म्हणून सगळीकडे पोत भरत सुटू नका. ट्यूबच्या पोटावर हातभर मोकळी जागा आहे, ती मोकळीच राहू द्या.

लेबलावरची अक्षरं कोरावीत का, हा प्रश्न तुम्हाला पडेलच. माझं मत: नको. छपाईला जाडी नसते. तुम्ही अक्षरं खोदलीत की लेबलाचा शिलालेख होतो. जॅस्पर जॉन्स या अमेरिकन कलाकाराने 1960 मध्ये बिअरचे दोन डबे ब्राँझमध्ये केले. तिथे लेबलं त्याने हाताने रंगवली आहेत. आकाराचं काम आकाराने, रंगाचं रंगाने. त्यातला एक डबा उघडलेला आहे, दुसरा बंद, एवढ्या फरकानेच ते दोन डबे दोन होतात. तुम्हाला रंगवायची परवानगी असेल तर अक्षरं रंगवा, नसेल तर लेबलाची कड जिथे सोलून वर आली आहे तेवढीच दाखवा. ती मात्र आकारात मोडते.

हेही विचाराल म्हणून आधीच सांगते: खरं टोपण मातीत दाबून ठसा घ्यायचा मोह होईल. मी घेतला होता. ठसा अचूक आला आणि शिल्पात परका दिसला, कारण बाकी सगळं माझ्या हाताचं होतं आणि तेवढाच भाग यंत्राचा. शिवाय माप दुप्पट असल्याने तुम्हाला तो उपयोगाचाही नाही.

बोटांचे ठसे घालवायचं काम अगदी शेवटच्या दिवशी. तेलकट क्ले असेल तर ब्रशवर टर्पेंटाइनचा थेंबभर ओलावा, खिडकी उघडी ठेवून. पॉलिमरला रबिंग अल्कोहोल, पाण्याच्या मातीला पाण्यात बुडवून जवळजवळ कोरडा केलेला ब्रश. जास्त फिरवलात तर तुम्ही कष्टाने आणलेल्या सगळ्या कडा पुन्हा गोल होतील, म्हणून पैलूंच्या मधल्या सपाट भागांवरच फिरवा आणि कडांपाशी थांबा.

वर्गात नेताना ट्यूब नुसती डब्यात टाकू नका. लाकडी फळीवर ठेवून खालून मातीच्या दोन गोळ्यांनी अडवा आणि वरून उंच खोका उपडा ठेवा, झाकणाचा स्पर्श कुठेही होता कामा नये. तेलकट क्ले असेल तर उन्हातून नेऊ नका, शेपटाची ती पातळ कड सगळ्यात आधी वाकते.